मोहल्ला समिती

दंगलग्रस्त भागातील हिंदू व मुस्लिम रहिवासी आणि पोलीस यांची नियमित भेट घडवणारी स्थानिक समिती. महाराष्ट्रात तिचा पाया भिवंडी (जि. ठाणे) येथे घातला गेला.

पार्श्वभूमी : यंत्रमागाच्या या शहरात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी दंगल उसळली, तिची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल होऊन तिचे लोण ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचले. सुताच्या आणि कापडाच्या धंद्यात दोन्ही समाजांचा रोजचा संबंध होता. तेवढ्याने दंगली टळल्या नाहीत.

रचना : १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त असलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवार समित्या नेमल्या. पुढाऱ्यांऐवजी सामान्य रहिवासी सभासद केले आणि पोलिसांना बैठकांशी जोडून घेतले. तंटे व अफवा जागच्या जागी निस्तरणे हे मुख्य काम. डिसेंबर १९९२–जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतील दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली (श्रीकृष्ण आयोग). भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात त्यांनी या प्रयोगाची मांडणी केली आहे. शांततेचे श्रेय समित्यांना किती आणि त्या वेळच्या बंदोबस्ताला किती, याविषयी मतभेद आहेत.

मुंबई : १९९४ मध्ये माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी व सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली.

मीमांसा : मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या मते (१९५४) समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकारी संस्थेचा पाठिंबा असेल, तर संपर्काने पूर्वग्रह कमी होतो. भिवंडीत अखेरची अट पोलिसांनी पुरवली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी (२००२) भारतीय शहरांच्या तुलनेतून दोन्ही समाजांच्या सामाईक संघटना शांततेला पोषक ठरतात, असे दाखवले; भिवंडीचाही दाखला दिला. सल्मा मूसा यांच्या उत्तर इराकमधील फुटबॉल-प्रयोगात (२०२०) मुस्लिम सहखेळाडूंशी ख्रिस्ती खेळाडूंची वागणूक सुधारली. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबाबत तसा बदल फारसा दिसला नाही.

मर्यादा : जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला. तो मुख्यतः जमाव आणि पोलीस यांच्यातील होता. समितीचा उपयोग बैठका चालू असेपर्यंतच; दंगलीनंतर घाईने नेमलेली समिती तिची जागा घेऊ शकत नाही.