खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आणि दोन वॉरिंग्टन

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय नव्याने मांडू पाहणारास आज जी पहिली सूचना दिली जाते, ती टाकी भरल्यावर सुमारे चार ते सहा आठवडे तीत मासा न सोडण्याची होय. या अवधीत टाकीत घातलेल्या सेंद्रिय द्रव्यापासून अथवा मुद्दाम सोडलेल्या क्षारापासून अमोनिया तयार होतो, त्याचे प्रमाण काही दिवस चढते आणि मग उतरू लागते. त्याच्या पाठोपाठ नायट्राइट चढते व कालांतराने तेही नाहीसे होते. अखेरीस नायट्रेट तेवढे शिल्लक राहते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असल्यामुळे त्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा सामान्यतः अधिक असतो. म्हणून येथे उतावीळपणाची किंमत माशाला मोजावी लागते.

ही साधी सूचना देता येण्यापूर्वी फार मोठा काळ लोटावा लागला. मत्स्यालयाच्या इतिहासात त्याचे श्रेय बहुधा 'प्राणी व वनस्पती यांच्यातील समतोल' या कल्पनेस दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्धेच खरे आहे.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही मॅड्रेपोर प्रवाळ लंडनमध्ये आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची दासी दररोज ते पाणी उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात सागरी वनस्पती घातल्या. त्यांचा वृत्तांत मात्र १८५९ पर्यंत छापला गेला नाही. दरम्यान अपोथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-१८६७) यांनी १८४९ मध्ये दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया वनस्पती एका भांड्यात ठेविली. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी केमिकल सोसायटीपुढे या प्रयोगाचे निवेदन केले, आणि १८५२ पासून तीच रीत समुद्राच्या पाण्यास लावून पाहिली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, प्राण्याने कर्बवायू द्यावा आणि गोगलगायीने सडलेले खावे, असे हे त्रिकूट होते. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कमध्ये उघडलेले सार्वजनिक मत्स्यगृह आणि १८५४ चा फिलिप हेन्री गॉस यांचा 'द अक्वेरियम' हा ग्रंथ यांनी ही कल्पना घरोघर पोहोचविली.

या उपपत्तीत वायूंचा हिशेब चोख होता. नत्राचा मात्र नव्हता. शैवाल अमोनिया शोषून घेते हे खरे, आणि वॉरिंग्टनच्या भांड्यात त्याचा वाटा असणारच. परंतु प्रकाशात ठेवलेल्या हिरव्या भांड्यात जे घडत होते, त्याचा दुसरा भाग वाळूच्या कणांवर व काचेवर, डोळ्यांस न दिसता चालला होता. गॉस यांनी कृत्रिम समुद्रजल बनविले, तेव्हा आधी शैवाल ठेवून काही दिवसांनी प्राणी सोडले. व्यवहार बरोबर होता. कारण मात्र निराळे समजले गेले.

व्यवहाराने उपपत्तीस मागे टाकल्याचे याहून ठळक उदाहरण विल्यम आल्फर्ड लॉइड यांचे आहे. १८७१ मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्यांनी दर्शनी टाक्यांहून कित्येक पट मोठा हौद जमिनीखाली, अंधारात ठेविला आणि पाणी पंपाने सतत फिरते राखले. समतोलाच्या कल्पनेस धरून अंधाऱ्या हौदाचा उपयोग फारसा सांगता येत नाही. तरी पाणी टिकले.

याचा उलगडा मत्स्यालयात नव्हे, सांडपाण्याच्या व शेतजमिनीच्या रसायनशास्त्रात झाला. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्यूंट्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपविले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडला. नंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मच्या वाफेने क्रिया थांबली आणि बागेतील मातीचे धुवण टाकताच ती पुन्हा सुरू झाली. आजच्या नवशिक्याने टाकी सिद्ध होण्याची वाट पाहावी आणि जुन्या टाकीतील मूठभर वाळू आणून ती वाट आखूड करावी, हे दोन्ही या एका प्रयोगात आहे.

हा धागा इंग्लंडमध्ये ज्यांनी उचलला, ते रॉथॅमस्टेड येथील शेतकी रसायनज्ञही रॉबर्ट वॉरिंग्टनच (१८३८-१९०७), मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टनांचे चिरंजीव. १८७८ पासूनच्या त्यांच्या निबंधांत नत्रायन प्रकाशात मंदावते व अंधारात चालते असे आढळते. तसेच अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून नायट्रेट या दोन पायऱ्या निरनिराळे जंतू चढतात, हेही त्यांनी दाखविले. बापाने ज्या पाण्यासाठी उजेड शोधला, त्याचे निम्मे रहस्य मुलाला काळोखात सापडले, असे म्हणावयास हरकत नाही! ते जंतू वेगळे काढण्याचे यश मात्र त्यांच्या हाती आले नाही. जिलेटिनवर ते वाढेनात. सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास निरिंद्रिय माध्यम वापरून ते साधले.

तरीही दोन्ही शास्त्रांची गाठ लवकर पडली नाही. पुढे १९६१ मध्ये जाकार्ताचे ली चिन एंग यांनी सजीव प्रवाळखडक टाकीत ठेवून मासे जगविल्याचे लिहिले, तेव्हाही ती निसर्गाची पद्धत म्हणूनच मांडली गेली. सच्छिद्र खडकांबरोबर जंतूंची तयार वसाहतच टाकीत येते, हे स्पष्टीकरण मागाहून रुळले. नायट्राइट खाणारा जंतू म्हणून पाठ्यपुस्तकांत नायट्रोबॅक्टर रूढ होता. १९९८ च्या संशोधनात मत्स्यालयांत ते काम बहुतांशी नायट्रोस्पायरा या गटाचे असल्याचे आढळले. आणि २००५ मध्ये अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा आर्किया वर्गातील पहिला जीव शुद्ध स्वरूपात मिळाला, तो सिअ‍ॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील वाळूखड्यांतून. त्यास नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस असे नाव देण्यात आले.