बोंडले, बाटली आणि पेला



घरात तान्हे मूल असले, की सगळ्या घराचे घड्याळ त्याच्या दुधावर चालते. आमची धाकटी सव्वा वर्षाची झाली तरी बाटली सोडीना. पेला पुढे केला की मान फिरवायची आणि भोकाड पसरायची. शेवटी माझ्या आईने फडताळातून एक जुने चांदीचे भांडे काढले आणि म्हणाली, "तू याच बोंडल्यावर वाढलास. बाटली कुणी पाहिली होती तेव्हा?" मी इतिहास शिकवतो खरा, पण हा घरचा इतिहास माझ्या ध्यानात नव्हता.

बोंडले म्हणजे एका बाजूला चोच असलेली लहानशी वाटी. तमिळनाडूत तिलाच पालाडै म्हणतात. अशी भांडी फार जुनी आहेत. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात लहान मुलांच्या थडग्यांतून चोचीची मातीची भांडी मिळाली. ती अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. २०१९ मध्ये संशोधकांनी ती तपासली, तेव्हा त्यांत जनावराच्या दुधाचा अंश सापडला.

त्यामानाने रबरी बोंडाची बाटली अगदी कालची. तशा बोंडाचे पेटंट अमेरिकेत १८४५ साली निघाले. पुढे युरोपात लांब रबरी नळीच्या बाटल्या आल्या. बाळ आपले आपण दूध ओढी आणि आईचे हात मोकळे राहत. सोय मोठी; पण त्या नळीचे आतले अंग घासायचे कसे? दूध आत आंबे, जंतू वाढत, आणि अतिसाराने कितीतरी अर्भके दगावली. लोक तिला 'मारेकरी बाटली' म्हणू लागले. अखेर १९१० साली फ्रान्सने कायदा करून तिची विक्री बंद केली. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. त्यामागे आईच्या दुधाचे रक्षण हा हेतू आहे.

नळी गेली, तरी दोष सगळे गेले नाहीत. बोंडाच्या सांदीत दूध राहतेच. रात्री बाटली तोंडात ठेवून मूल झोपले, की दूध दातांवर साचते आणि दात किडतात. शिवाय दुधानेच पोट भरले, तर भाकरी-वरण कोण खाणार? दुधात लोह नाममात्र. मग मूल पांढुरके पडते.

मग करावे काय? पहिले सहा महिने आईचेच दूध. पुढे वरचे अन्न सुरू झाले, की त्याबरोबर छोट्या पेल्यातून घोटभर पाणी द्यावे. बाटली लागलीच असेल, तर वर्ष ते दीड वर्षाच्या आत सोडवावी. ती एकदम हिसकावू नका. आधी दुपारची बंद करा, मग सकाळची, आणि रात्रीची सर्वांत शेवटी. मुलाला ताठ बसवा, पेला त्याच्या हाती द्या. सांडेल, सांडू द्या. घशात ओतू मात्र नका. बोंडल्यानेसुद्धा आडवे धरून, नाक दाबून पाजणे धोक्याचे. ठसका लागून दूध श्वासनलिकेत जाते.

बाजारात झाकणाचे, चोचीचे पेले मिळतात. दूध सांडू नये म्हणून त्यांतल्या काहींत पडदा असतो, आणि मुलाला चोखावेच लागते. म्हणजे ती झाकणाची बाटलीच झाली! पडदा नसलेला पेला चार दिवस चालेल. पण खरा पल्ला उघड्या पेल्याचा.

आमच्या धाकटीने तीन आठवडे घेतले. पहिले काही दिवस निम्मे दूध फरशीनेच प्यायले. रात्रीची बाटली सुटली तेव्हा दोन रात्री आम्ही कोणी झोपलो नाही. आता ती पेला दोन्ही हातांनी धरते आणि रिकामा झाला की उलटा करून दाखवते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या पालकसभेत एवढी गोष्ट जरूर सांगा. आणि घरात जुने बोंडले असेल, तर तेही सोबत न्या. आजीबाई त्याबद्दल आपल्याहून अधिक सांगतील.