अमेरिकेतील वाग्दत्त व्हिसा आणि जोडीदार व्हिसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नागरिकाला परदेशातील व्यक्तीशी विवाह करून तिच्यासह अमेरिकेत राहायचे असल्यास तेथील कायद्याने दोन मुख्य मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग वाग्दत्त वर किंवा वधूसाठी असलेल्या के-१ व्हिसाचा. यात विवाह अमेरिकेत पोहोचल्यावर होतो. दुसरा मार्ग जोडीदाराच्या स्थलांतरित व्हिसाचा. यात विवाह आधी होतो आणि व्हिसा नंतर मिळतो. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी प्रवेश केल्यास या दुसऱ्या व्हिसाला सीआर-१ आणि त्यानंतर केल्यास आयआर-१ म्हणतात. या मार्गांची तुलना बहुधा "कोणता लवकर मिळतो" एवढ्याच प्रश्नावर केली जाते. प्रत्यक्षात विवाह कोणत्या देशात व केव्हा कायदेशीर ठरावा, नव्या देशात पहिले काही महिने नोकरी व प्रवास करता येईल की नाही आणि संबंध तुटल्यास हाती काय उरेल, हे सारे या निवडीवर अवलंबून असते. एकदा अर्ज केल्यावर मध्येच मार्ग बदलणे म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे होय.

इतिहास

परदेशी व्यक्तीशी विवाह हा विषय अमेरिकी कायद्यात सुरुवातीला व्हिसाचा नव्हे, तर नागरिकत्वाचा होता. १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. १९२२ च्या केबल कायद्याने ही तरतूद सैल केली, परंतु नागरिकत्वास अपात्र मानल्या गेलेल्या पुरुषांच्या पत्नींना त्यातून वगळले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अशा अपात्र वर्गात टाकले. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकी पत्नी मेरी यांचे नागरिकत्व अशा रीतीने गेले. हा अपवाद १९३१ मध्ये रद्द झाला आणि भारतीयांना अमेरिकी नागरिकत्व मिळण्याचा मार्ग १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने खुला झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात विवाह केलेल्या सैनिकांसाठी १९४५ चा 'वॉर ब्राइड्स' कायदा आणि विवाह ठरलेल्या सैनिकांसाठी १९४६ चा स्वतंत्र कायदा आला. दोन्ही तात्पुरते होते. वाग्दत्तांसाठी कायमस्वरूपी व्हिसा ७ एप्रिल १९७० च्या दुरुस्तीने निर्माण झाला. तोच आजचा के-१. देशांतराच्या हेतूने होणाऱ्या खोट्या विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी दोन महत्त्वाच्या अटी घातल्या: वाग्दत्तांची आधी प्रत्यक्ष भेट झालेली असणे आणि नवविवाहितांना सुरुवातीला केवळ सशर्त निवासाचा हक्क. २००० मध्ये विवाहित जोडीदारांसाठी के-३ हा व्हिसा सुरू झाला. तो कायद्यात अद्याप आहे, परंतु मूळ विवाह-अर्ज मंजूर होऊन पुढे गेला की के-३ चे प्रकरण बंद केले जात असल्याने व्यवहारात तो जवळपास नामशेष झाला आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत त्याचा उल्लेख अजूनही आढळतो.

२६ जून २०१३ च्या विंडसर निकालानंतर समलिंगी जोडीदारांनाही हे सर्व व्हिसा खुले झाले.

के-१ व्हिसा

के-१ साठी केवळ अमेरिकी नागरिकच अर्ज करू शकतो; ग्रीन कार्डधारकाला तो अधिकार नाही. आय-१२९एफ हा अर्ज नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याकडे, म्हणजेच यूएससीआयएसकडे केला जातो. दोघेही विवाहास कायद्याने मोकळे असावे लागतात आणि अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत त्यांची किमान एकदा प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. व्हिडिओ कॉलवरील भेट यासाठी धरली जात नाही. विवाहापूर्वी वधूवरांनी एकमेकांना भेटू नये अशी कठोर व दीर्घकालीन रूढी असल्यास सूट मिळू शकते. मात्र ती रूढी इतर सर्व बाबतींतही पाळली जात असल्याचे दाखवावे लागते. ज्या समाजात पाहण्याचा कार्यक्रम हीच विवाह ठरविण्याची रीत आहे, तेथील जोडप्याला या सवलतीचा आधार घेता येणे कठीण आहे.

अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण दूतावासाकडे येते. भारतातील अशा मुलाखतींचे काम प्रामुख्याने वांद्रे-कुर्ला संकुलातील मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात चालते. व्हिसा एकाच प्रवेशासाठी असतो. अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करणाऱ्या व्यक्तीशीच विवाह करावा लागतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. विवाह न झाल्यास देश सोडणे भाग असते, कारण के-१ वर आलेल्या व्यक्तीला दुसऱ्या वर्गाच्या व्हिसात जाता येत नाही किंवा अन्य कोणाशी विवाह करून तेथेच ग्रीन कार्ड मागता येत नाही.

विवाहानंतर आय-४८५ हा दर्जाबदलाचा अर्ज करावा लागतो. या मार्गातील खरी अडचण येथून सुरू होते. ग्रीन कार्ड किंवा अर्जासोबत मागितलेला कामाचा परवाना हाती येईपर्यंत नोकरी करता येत नाही. प्रवासाची आगाऊ परवानगी मिळण्यापूर्वी देशाबाहेर गेल्यास दर्जाबदलाचा अर्ज सोडून दिला असे मानले जाते. या काळात मायदेशी आईवडील आजारी पडले किंवा भावंडाचे लग्न निघाले, तर अर्ज आणि कुटुंब यांतून एकाची निवड करावी लागते. नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीला तर पैशासाठीही कित्येक महिने जोडीदारावर अवलंबून राहावे लागते.

'९० डे फिऑन्से' या २०१४ पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे के-१ लोकांना माहीत झाला. नव्वद दिवसांनंतरची ही प्रतीक्षा मात्र तुलनेने कमी परिचित आहे.

जोडीदाराचा स्थलांतरित व्हिसा

या मार्गात विवाहानंतर आय-१३० हा अर्ज केला जातो. मंजुरीनंतर कागदपत्रे न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातात आणि तेथून मुलाखतीसाठी दूतावासाकडे येतात. अमेरिकी नागरिकाचा जोडीदार 'निकटचा नातेवाईक' गणला जात असल्याने वार्षिक संख्येची मर्यादा त्याला लागू होत नाही. विलंब होतो तो छाननीमुळे. त्या बदल्यात विमानतळावर प्रवेश मिळताच तो कायम रहिवासी ठरतो: पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकतो आणि परत येण्याची चिंता न करता मायदेशी जाऊ शकतो.

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकानुसार के-१ मार्गात आय-१२९एफचे ६७५, व्हिसाचे २६५ आणि आय-४८५ चे १,४४० असे एकूण २,३८० डॉलर शुल्क होते. कामाचा व प्रवासाचा परवाना वेगळा. जोडीदार व्हिसात कागदी आय-१३० चे ६७५, व्हिसा केंद्राचे १२०, व्हिसाचे ३२५ आणि ग्रीन कार्डाचे २३५ मिळून १,३५५ डॉलर होतात. वैद्यकीय तपासणी दोन्हींत स्वतंत्र असते. दर वेळोवेळी बदलतात, परंतु के-१ महाग पडण्याचे कारण रचनेतच आहे: त्यात शुल्काचा मोठा टप्पा अमेरिकेत पोहोचल्यावर पुन्हा येतो.

विवाहाला दोन वर्षे झालेली नसल्यास दोन्ही मार्गांनी मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांचे व सशर्त असते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करावा लागतो. घटस्फोट किंवा छळ झाला असल्यास एकट्यानेही हा अर्ज करता येतो.

विवाहाची वैधता आणि भारतीय कायदा

दोन्ही मार्गांचा पाया विवाहाच्या तारखेवर आहे आणि भारतात ही तारीख कोणती, हे वाटते तितके सरळ नसते. हिंदू विवाह कायदा, १९५५ ज्यांना लागू होतो त्यांचा विवाह, सप्तपदी हा विधीचा भाग असल्यास, सातवे पाऊल पडताच पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा केवळ पुरावा असतो. त्यामुळे के-१ चा अर्ज प्रलंबित असताना "घरच्यांच्या समाधानासाठी" विधिवत लग्न लावून नोंदणी टाळली, तरी ते जोडपे कायद्याने विवाहित होते आणि वाग्दत्त व्हिसाची पात्रता संपते. मुलाखतीत छायाचित्रांतील अंतरपाट किंवा मंगळसूत्र पाहून याच मुद्द्यावर प्रश्न उपस्थित होऊ शकतो. साखरपुड्याला मात्र कोणतीही अडचण नाही. उलट तो विवाहाच्या हेतूचा चांगला पुरावा मानला जातो.

याच्या उलट चूकही होते. व्हिसाच्या अर्जासाठी आधी नोंदणी करून ठेवायची आणि लग्न पुढे सवडीने लावायचे, अशी पद्धत अनेक कुटुंबांत रूढ झाली आहे. २०२४ मधील एका निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेचा उल्लेख करून, आवश्यक विधी न झालेला विवाह केवळ नोंदणी प्रमाणपत्राने हिंदू विवाह कायद्याखाली वैध ठरत नाही, असे स्पष्ट केले. विधीपूर्वीच कागद हवा असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा योग्य मार्ग आहे. भिन्नधर्मीय जोडप्यांनाही भारतात बहुधा याच कायद्याचा आधार घ्यावा लागतो. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य आणि त्यानंतर ३० दिवसांची जाहीर नोटीस आवश्यक असते. दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या अमेरिकी वराला किंवा वधूला हे वेळापत्रक जुळविणे अवघड जाते आणि पुष्कळ जोडपी के-१ कडे वळण्याचे ते एक कारण आहे.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे नागरी नोंदणी हाच विवाहाचा कायदेशीर आधार आहे. चर्चमधील किंवा देवळातील सोहळा त्याच्या जोडीने होतो. प्रतिनिधीमार्फत किंवा ऑनलाइन लागलेला विवाह अमेरिकी स्थलांतर कायद्यात, त्यानंतर पतिपत्नी प्रत्यक्ष एकत्र राहून वैवाहिक संबंध आल्याखेरीज, ग्राह्य धरला जात नाही.

समलिंगी जोडप्यांसाठी के-१ ला वेगळेच महत्त्व आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने भारतात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यामुळे भारतात विवाह करून जोडीदार व्हिसा मागण्याचा पर्याय त्यांना उपलब्ध नाही. विवाहासाठी तिसऱ्या देशात जाणे किंवा के-१, एवढेच त्यांच्या हाती राहते.

अर्जदार नागरिक नसल्यास

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी भाषकांपैकी अनेक जण नागरिक नसून एच-१बी कामगार व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. त्यांना वरील दोन्ही मार्ग लागू होत नाहीत. एच-१बी धारकाचा जोडीदार एच-४ या आश्रित व्हिसावर जातो. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला एफ२ए या संख्यामर्यादित वर्गात रांगेत थांबावे लागते; अर्जदार पुढे नागरिक झाल्यास ते प्रकरण निकटच्या नातेवाइकाच्या वर्गात जाते.

येथेही तारीखच निर्णायक ठरते. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी विवाह झालेला असेल, तर जोडीदाराला त्याच अर्जाचा लाभ मिळू शकतो, मग तो अमेरिकेत मागाहून आला तरी चालते. विवाह ग्रीन कार्डानंतर, अगदी एका आठवड्याने झाला, तरी हा हक्क जातो आणि एफ२ए ची रांग उरते. शिवाय ग्रीन कार्ड मिळताच एच-१बी दर्जा संपत असल्याने एच-४ चाही मार्ग बंद होतो. ग्रीन कार्डाची तारीख जवळ आलेली असताना मुहूर्त पुढे ढकलणे त्यामुळे महागात पडू शकते.

पर्यटक व्हिसावरील विवाह

पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जाऊन विवाह करणे आणि परत येणे बेकायदेशीर नाही. तेथेच राहण्याचा बेत मनात ठेवून तो अधिकाऱ्यापासून लपविणे मात्र खोटी माहिती देण्यात मोडते आणि त्याची परिणती कायमच्या अपात्रतेत होऊ शकते. प्रवेशानंतर ९० दिवसांत विवाह करून तेथेच वास्तव्य करणाऱ्याचा हेतू सुरुवातीपासून तोच होता, असे गृहीत धरण्याची सूचना परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेत आहे. के-१ च्या ९० दिवसांशी तिचा संबंध नाही. जोडीदार व्हिसाचा अर्ज प्रलंबित असताना पर्यटक व्हिसा मिळणेही अवघड होते, कारण स्थलांतराचा हेतू नोंदीवर आलेला असतो. मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक राहून देश सोडल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे परतण्यास बंदी येते.

पुरावे, हमी आणि संरक्षण

विवाह खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. एकत्र प्रवासाची तिकिटे, संभाषणाच्या नोंदी, दोन्ही कुटुंबांसह काढलेली छायाचित्रे, संयुक्त बँक खाते असे पुरावे दिले जातात. ठरवून केलेल्या विवाहाला अमेरिकी कायद्यात कमी लेखलेले नाही, तथापि ओळख अल्प असल्याने पुरावा स्थळ पाहण्यापासूनच्या पत्रव्यवहाराचा व भेटींचा द्यावा लागतो. केवळ देशांतरासाठी केलेल्या विवाहास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद असून परदेशी जोडीदाराचे पुढील सर्व अर्ज कायमचे नाकारले जाऊ शकतात.

अर्जदाराला आय-८६४ या हमीपत्राने आपले उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे दाखवावे लागते. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. सर्वसाधारणपणे जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावे सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती टिकते.

परदेशी जोडीदाराच्या संरक्षणासाठी १९९४ च्या कायद्याने छळ झालेल्या पती किंवा पत्नीला स्वतःच्या नावे अर्ज करण्याची मुभा दिली. २००५ च्या कायद्यानुसार अर्जदाराच्या विशिष्ट गुन्ह्यांची माहिती के-१ च्या उमेदवाराला दिली जाते आणि वारंवार वाग्दत्त अर्ज करणाऱ्यांवर निर्बंध येतात. दूतावासाने व्हिसा नाकारल्यास न्यायालयात दाद मागण्यास मात्र फारसा वाव नाही: जून २०२४ मधील मुन्योझ खटल्यात, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा घटनात्मक मूलभूत हक्क अमेरिकी नागरिकाला नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.