उष्णता जाते कुठे?

राजापूर तालुक्यातल्या साखरीनाटे बंदराचा विषय निघाला की मला सादी कार्नो हा फ्रेंच अभियंता आठवतो. वाफेच्या इंजिनाला सगळी उष्णता कामी का आणता येत नाही, याचा विचार त्याने १८२४ साली मांडला. उष्णतेचा काही वाटा थंड जागी सोडल्याखेरीज इंजिन चालतच नाही. हा निसर्गाचा कर. कितीही कारागिरी करा, तो चुकत नाही.

२०१० साली शेजारच्या माडबन परिसरातल्या ९,९०० मेगावॅटच्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. अणुभट्ट्याही फ्रेंचच ठरल्या. अशा भट्टीतल्या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. उरलेली, म्हणजे विजेच्या जवळपास दुप्पट उष्णता समुद्रात जायची. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासळी जागा सोडते. मच्छीमारांची ही भीती अडाणीपणाची नव्हती. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला.

प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. पाणी कुठवर तापेल, यावर वाद होऊ शकतो. उष्णता कुठेतरी जाणारच, यावर नाही. मंडळी, कोळसा जाळा की अणू फोडा, कर लागतोच. वीज आपल्या घरी येते. कर कोणाच्या दारात भरला जातो, एवढे तरी विचारू या.