मावशी कापली गेली

मोठ्या मामाकडे झेनिट-ई आला तो ओझरहून. १९६४ साली तिथे मिग विमानांचा कारखाना निघाला, मागोमाग रशियन इंजिनिअर आले. मायदेशी परतताना त्यांतल्या एकाने आपला कॅमेरा विकला, असं मामा सांगायचा. किंमत मात्र ऐकणारा कोण आहे ते बघून बदलायची.

मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला १९६५ पासून असे तीस लाखांच्या वर कॅमेरे तयार झाले. लेन्ससकट जवळजवळ किलोभर वजन, बॅटरी नाहीच. लेन्सच्या वर सेलेनियमची पट्टी. तिच्यावर उजेड पडला की काटा हलायचा. त्याच्याशी चकती जुळवायची, आकडे वाचायचे, मग शटर आणि अपर्चर हाताने लावायचं. फोकस लेन्स पूर्ण उघडून करायचा आणि फोटो घेण्याआधी दुसरी कडी फिरवून अपर्चर बारीक करायचं. ते विसरलं की फोटो पांढराफटक. एवढं होईपर्यंत हसणाऱ्यांचं हसू आटायचं. आमच्या जुन्या फोटोंत सगळे गंभीर दिसतात ते त्यामुळे. घरात शिस्त वगैरे काही नव्हती.

रिफ्लेक्स कॅमेऱ्याची ख्याती अशी, की लेन्सला दिसतं तेच आरशावरून डोळ्याला दिसतं. झेनिटला ते पुरतं जमलं नव्हतं. निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची, व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायचा त्यातला २० बाय २८चा तुकडा. म्हणजे प्रत्येक फोटोचा एक तृतीयांशाहून जास्त भाग मामाने न बघताच काढलेला!

त्याला याचा भारी राग. स्टुडिओवाल्याकडून तो कडा छाटून घ्यायचा. मावशीच्या लग्नाचे फोटो तेवढे घाईत अख्खेच छापून आले.

आई तो अल्बम उघडते तेव्हा नवरा-नवरीकडे बघतही नाही. तिचं बोट कडेला. हा सनईवाला, सनई काखेत मारून चहा पितोय. ही घंगाळं शेजारच्या वाड्यातली. परत देताना एक बदललं गेलं आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. आणि ही आक्का. आजोबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. मंगलकार्यात ती पुढे येत नसे आणि तिला कुणी बोलावतही नसे. मांडवाच्या खांबाआड, दारात, एका फोटोत तर अर्धीच, पण आहे. ती दिसली असती तर मी कॅमेरा सरकवला असता, हे मामाही कबूल करायचा.

आक्का गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो नव्हता. मामाने ती निगेटिव्ह शोधली आणि स्टुडिओत कडेचा तेवढा भाग मोठा करून घेतला. झेनिटची हेलिओस लेन्स मधोमध स्वच्छ, कडेला मऊ. मागची पानं तर गरगरल्यासारखी दिसतात. हल्ली त्या गरगरीपायी पोरं ही लेन्स डिजिटल कॅमेऱ्याला लावतात. मला तिचं फारसं कौतुक नाही, पण आक्काच्या मागचा आंबा तसाच फिरलेला आहे. फोटो दाणेदार आलाय, एक कान गेलाय.

मावशीची तक्रार अजून चालूच आहे: माझ्याच लग्नातून मला कापलंत.