‘थांब’ म्हणणारा वस्ताद

दांडिया बाजारातून जाताना जुम्मादादा व्यायाम मंदिराकडे पाहून आपल्यातली जुनी मंडळी आजही क्षणभर रेंगाळतात. आमच्या आजोबांच्या पिढीत बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांतला एखादा तरी मुलगा पहाटे तालमीत जायचा. त्या तालमींचे, जोर-बैठकांचे आणि खुराकाचे किस्से घरोघरी सांगितले जातात. शरीर कसे कमावले, हे आपण पुष्कळ ऐकले आहे. पण मोडलेले शरीर पुन्हा उभे कोण करत होते? यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच धागा धरला आहे.

बडोद्याला मल्लविद्येचा नाद जुना. खंडेराव महाराजांच्या पदरी नामांकित पैलवान होते आणि सयाजीराव महाराजांच्या काळात या विद्येला शिस्तीचे वळण लागले. त्या काळातले मोठे नाव म्हणजे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. जुम्मादादा या मुसलमान वस्तादांचे हे शिष्य. गुरूचे नाव त्यांनी आपल्या व्यायाम मंदिराला दिले आणि जन्मभर चालवले. हिंदी आज्ञांवरची सांघिक कवायत आणि लाठी-तलवारीचे शिक्षण यांसाठी त्यांची ख्याती होतीच; पण गावातल्या सामान्य माणसाला ते अधिक ओळखीचे होते हाडवैद्य म्हणून. निखळलेला खांदा बसवायला, मोडलेला हात सांधायला लोक त्यांच्याकडे जात.

यात आश्चर्य काही नाही. तालीम हेच त्या काळचे दुखापतीचे शास्त्र शिकण्याचे ठिकाण होते. रोज शेकडो वेळा हात, मान, गुडघे पिळले जाताना पाहणाऱ्या वस्तादाला सांधा कुठवर वळतो आणि कुठे तुटतो याचे ज्ञान बोटांतून झालेले असे. हौद्यातली माती खणून मऊ करायची, तीत तेल, ताक, हळद मिसळायची, यामागे जमीन अंगाला लागू नये आणि खरचटले तर चिघळू नये, हाच विचार होता. मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप, हाड दुखावले तर बांबूच्या खपच्या. मालिश तर रोजचीच. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत काढला. हे सारे ज्ञान लिहून ठेवण्याजोगे आहे, ही जाणीव या गावाला होती.

पण लेप आणि खपच्यांपेक्षा वस्तादाकडे एक मोठे औषध होते, ते म्हणजे त्याचा शब्द. कोणाचा गुडघा कच्चा आहे, कोण काल तापातून उठला आहे, हे त्याला ठाऊक असे. तो ‘थांब, आज बाहेर बस’ म्हणाला की पोराने बसायचे. त्यावर अपील नसे.

पूर्वीचे सगळेच चांगले होते, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. क्ष-किरणांशिवाय हाड आतून कसे मोडले आहे हे बोटांना नेहमीच कळत नसे. कित्येकांचे हात वाकडे सांधले गेले. पैलवानाचा चुरगळलेला कान हा तर मानाचा दागिना मानला जाई. कानाच्या कुर्चेपाशी रक्त साकळते, ते वेळीच काढून दाब दिला तर कान पूर्ववत राहू शकतो, हे सांगणारे तेव्हा जवळ कोणी नसे.

पुढे दोन बदल जवळजवळ एकाच काळात घडले. पहिला, खेळ तालमीतून मैदानावर आला. आपल्या हिंद विजय जिमखान्याने १९२०च्या दशकात हुतूतू आणि खो-खोच्या नियमांना आकार दिला, स्पर्धा भरवल्या. खेळाला पंच मिळाला. पंच नियम पाहतो. खेळाडूचा गुडघा पाहणे हे त्याचे काम नव्हे. दुसरा बदल, उपचार इस्पितळात गेले. बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९४९ साली सुरू झाले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते मुख्यतः पोलिओग्रस्त मुलांसाठी. खेळाडूकडे या शास्त्राचे लक्ष वळायला आणखी बराच काळ जावा लागला. मधली कित्येक वर्षे खेळाडू एका ठिकाणी आणि उपचार दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती राहिली.

त्या मधल्या काळाची आठवण म्हणून आपल्याच अंशुमन गायकवाडांची किंग्स्टनची खेळी पाहावी. एप्रिल १९७६. तेव्हा हेल्मेट नव्हते. वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यात अंगावर चेंडू झेलत ते तासन्‌तास उभे राहिले आणि ८१ धावांवर असताना होल्डिंगचा चेंडू कानावर बसला. थेट इस्पितळात न्यावे लागले. त्या कसोटीत भारताचे इतके खेळाडू जायबंदी झाले की दुसरा डाव पाच बाद ९७ वरच संपला. पुढे फलंदाजीला येऊ शकेल असे कोणी उरले नव्हते. त्या धैर्यापुढे आपण नतमस्तक होतो आणि व्हावेच. पण धैर्य खेळाडूचे असते; त्याला जपणे हे इतरांचे काम असते.

आता चित्र पालटले आहे. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला तर बदली खेळाडू घेता येतो, आणि निर्णय वैद्यकीय पथकाच्या तपासणीवर ठरतो. बडोद्याच्याच हार्दिक पंड्याला २०१८ मध्ये दुबईत पाठीच्या दुखण्यामुळे स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. पुढच्या वर्षी लंडनला शस्त्रक्रिया झाली. २०२३च्या विश्वचषकात पुण्याला घोटा दुखावला तेव्हा त्याला उरलेल्या स्पर्धेला मुकावे लागले. कितीजण हळहळले! पण त्याच हार्दिकने २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक टाकले आणि आपण फटाके वाजवले. वस्तादाचा तो जुना ‘थांब’ आता फिजिओच्या तोंडी आला आहे.

मोठ्या संघांचे ठीक आहे. आपल्या अंगणातले काय? काही वर्षांपूर्वी उत्सवातल्या कबड्डीत एका मुलाचा गुडघा पिरगळला. आम्हीच चारजणांनी मायेने गरम तेल लावून जोरात चोळले आणि ‘काही होत नाही’ म्हणत पुन्हा मैदानात पाठवले. रात्री गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आतला स्नायुबंध फाटला होता. ताज्या दुखापतीवर शेक आणि मालिश नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, हलका दाब, पाय उंच आणि विश्रांती हवी, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळले, पण उशिरा. आमच्या हातात आजोबांचे तेल होते, पण आजोबांच्या वस्तादाची नजर नव्हती.

म्हणून यंदा एक विनंती. मंडळाच्या प्रत्येक स्पर्धेला पंचाशेजारी एक खुर्ची ठेवू या. आपल्या समाजात डॉक्टर आहेत, फिजिओथेरपी शिकलेल्या लेकी-सुना आहेत; त्यांच्यापैकी कोणीतरी तिथे बसावे. शेजारी बर्फाची पेटी, पट्ट्या, खपच्या असाव्यात. आणि त्या व्यक्तीने ‘थांब’ म्हटले की खेळाडूने थांबावे. आई-वडिलांनी, कप्तानाने, आम्ही कार्यकर्त्यांनीही वाद घालू नये. डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, एवढा नियम तरी पाळू या.

दांडिया बाजारात शरीर घडवणारा आणि सांधणारा हात एकच होता. आता ते हात वेगळे झाले आहेत. निदान खेळाच्या मैदानावर तरी ते शेजारी शेजारी असावेत.