बुगडी, भिकबाळी आणि हेडफोन : कानाच्या वरच्या कडेचा इतिहास

१.
कानाच्या वरच्या कडेला नुकतेच टोचून घेतले आहे. आता हेडफोन घालावा की नाही? प्रश्न आजच्या विशीतल्या मुलामुलींचा वाटतो. त्यामागची अडचण मात्र जुनी आहे. एकाच कानावर दागिना, डोक्याचे आवरण आणि ऐकण्याचे काम यांनी एकत्र नांदायचे कसे? सांगली जिल्ह्यातील कडेगावच्या आसपासचा मुलूख समोर ठेवून हा धागा उलगडू या. 🧵

२.
आधी कानाची रचना. खालची मऊ पाळी त्वचा आणि चरबीची असते. तिथे रक्तपुरवठा भरपूर, म्हणून टोचलेले लवकर भरते. पाळीच्या वरचा जवळजवळ सगळा बाह्यकर्ण कूर्चेचा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला चिकटलेल्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. त्यामुळे पाळीचे छिद्र काही आठवड्यांत सावरते, तर कूर्चेच्या छिद्राला सहा महिने ते वर्षही लागते. पुढील सगळा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो.

३.
सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचण्याविषयी आहे. बालकाच्या सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, रक्षणासाठी आणि भूषणासाठी, कान टोचावा असे तिथे सांगितले आहे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. जागा कशी शोधायची? कान हलकेच ओढून धरावा आणि सूर्यकिरण जिथून आरपार झिरपतो ते ‘दैवकृत छिद्र’ निवडावे. प्रकाश आरपार जाणारी जागा म्हणजे पातळ, कूर्चेविना असलेली पाळी.

४.
पातळ कानासाठी सुई, जाड कानासाठी आरी. फार रक्त आले, वेदना झाल्या, तर जागा चुकली असे समजावे. छिद्रात कापसाची वात ठेवून तेल सोडावे आणि दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करावी. याच अध्यायात फाटलेले कान जोडण्याचे पंधरा प्रकारही येतात. म्हणजे जड दागिन्यांनी कान फाटणे ही तेव्हा नित्याची गोष्ट होती. छिद्र ही आधी जखम असते आणि दागिन्याचे स्थान नंतर होते, हे या ग्रंथकाराला पक्के ठाऊक होते.

५.
महाराष्ट्रातील घरांत हीच जाण वेगळ्या रूपात टिकली. बारशाच्या सुमारास सोनार घरी येई, सोन्याच्या बारीक तारेने बाळाचे कान टोची आणि तीच तार वळवून कानात ठेवून देई. वर खोबरेल तेल, हळद. ज्यांना सोने परवडत नसे त्यांच्या घरी छिद्र बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी कानात घातली जाई. खरा दागिना यायचा तो छिद्र पक्के झाल्यावर.

६.
हे झाले पाळीचे. परंतु मराठी कानाची खरी ओळख वरच्या कडेला आहे. पाळीत कुडी, झुबे किंवा कर्णफूल आणि वरच्या कडेत बुगडी, अशी स्त्रियांच्या कानाची मांडणी असे. बुगडी आकाराने लहान असते. ऐपतीप्रमाणे मोत्यांच्या घोसाची किंवा निव्वळ सोन्याची, आणि मागून फिरकीने बसवलेली. कन्नडमध्येही याच जागेच्या दागिन्याला बुगुडी म्हणतात. कृष्णेच्या खोऱ्यात दोन्ही भाषा शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत; दागिन्याचे नावही दोहोंत सारखेच आहे.

७.
बुगडी लहान का? त्या जागेचा विचार केला की उलगडा होतो. पाळीत जड दागिना घातला तर पाळी लांबते. कूर्चा लांबत नाही. तिच्यावर भार पडला की ती दुखावते. शिवाय वरच्या कडेवर डोईवरचा पदर येतो, केस येतात, झोपताना उशी येते. म्हणून वरचा दागिना हलका आणि आटोपशीर राहिला. खालच्या जड दागिन्याचा भार कमी करायलाही युक्ती होती : मोत्यांचा किंवा सोन्याचा वेल. तो दागिन्यापासून वर केसांत अडकवला की पाळीवरचा ताण निम्मा होई.

८.
फिरकी सैल झाली आणि पदराला हिसका बसला की बुगडी पडायची. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली एक लावणी याच गोष्टीवर उभी आहे. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या अनंत माने यांच्या चित्रपटातील, साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवल्याची ही लावणी ग. दि. माडगूळकरांची. त्यांचा जन्म आजच्या आटपाडी तालुक्यातील शेटफळे गावचा. गायिका आशा भोसले जन्माने सांगलीच्या. संगीत वसंत पवार यांचे.

९.
यातला एक तपशील इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावा असा. तो चित्रपट आला तेव्हा ‘सांगली’ नावाचा जिल्हाच नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये वेगळा होऊन ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे कडेगावच्या माणसाला तेव्हा स्वतःच्या जिल्ह्याचे नाव सांगतानाही ‘सातारा’ म्हणावेच लागे.

१०.
आता पुरुषांचा कान. उजव्या कानाच्या वरच्या भागात घातली जाणारी मोत्यांची बाळी म्हणजे भिकबाळी. आज ती पेशवाई थाटाची खूण मानली जाते. तिच्या नावाची परंपरेने सांगितली जाणारी कथा मात्र थाटाची नाही. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नवे मूल झाले की दारोदार भीक मागून सोने जमवायचे आणि त्याची बाळी करून मुलाच्या कानात घालायची. मूल भिकेचे आहे, आमचे नव्हे, असे मृत्यूला भासवायचे.

११.
भिकाजी, भिकू, दगडू, धोंडू ही नावे याच विचारातून आलेली. आणि हा विचार एका धर्मापुरता नव्हता. मोहरमच्या दिवसांत नवसाच्या मुलांना ‘फकीर’ करून भिक्षा मागायला लावण्याची प्रथा दख्खनमध्ये हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरांत होती. मोहरमच्या उंच ताबुतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि जिथे दोन्ही समाज त्या उत्सवात एकत्र येतात अशा कडेगावात उभे राहून भिकबाळीकडे पाहिले, की तिच्यातले मोती नंतरचे वाटतात. आधी दिसते ते अपत्य गमावण्याचे भय.

१२.
वरच्या कडेचे छिद्र जसे नवसाचे, तसे कानाच्या मधल्या खोलग्याचे छिद्र संन्यासाचे. नाथपंथातील ‘दर्शनी’ किंवा कानफाटे योगी दीक्षेच्या वेळी दोन्ही कानांच्या मधल्या कूर्चेला चीर देत आणि त्यात मोठी कुंडले घालत. ती काचेची, स्फटिकाची, पूर्वी गेंड्याच्या शिंगाचीही असत. याच जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे नाव गोरक्षनाथांशी जोडलेले आहे, तेव्हा हा कान या मुलखाला परका नव्हता.

१३.
जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज यांचा गोरखनाथ आणि कानफाटे योगी यांवरील ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विधीचे वर्णन आहे. चीर दिल्यावर लगेच कुंडल येत नसे. आधी कडुनिंबाची काडी, मग दिवसेंदिवस शुश्रूषा, आणि जखम भरली की कुंडल. भरलेला कान पुढे फाटला तर पंथात ती मोठी नामुष्की मानली जाई. ‘एकदा कानफाट्या नाव पडले की पडलेच’ ही म्हण आपण सहज वापरतो. ज्या कानामुळे हे नाव पडले, तो मिळवायला किती संयम लागत असे, हे म्हण सांगत नाही.

१४.
एवढा वेळ कानावर येत होते ते मऊ कापड : पदर, मुंडासे, फेटा. कानाला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगने दाबून धरणारी वस्तू विसाव्या शतकात रुळली. अमेरिकेतील युटा राज्याच्या नॅथॅनियल बाल्डविन याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवले आणि १९१० मध्ये अमेरिकी नौदलाने ते घेतले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्या काळी क्रिस्टल सेटवर रेडिओ ऐकायचा तर हेडफोन कानाला लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१५.
१९५८ मध्ये जॉन कॉस यांचे स्टिरिओ हेडफोन आले, १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आणि त्यासोबत कानावर टेकणाऱ्या स्पंजच्या गाद्या. २०१६ मध्ये अॅपलचे एअरपॉड्स आले आणि वायर गेली. या प्रवासात ऐकण्याचे साधन आधी कानावर बसले आणि पुढे कानाच्या आत शिरले. तेवढ्याच काळात बुगडी रोजच्या वापरातून हळूहळू सणासमारंभापुरती उरली.

१६.
मग दोन्ही एका कानावर परत आले. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) नंतर भिकबाळीची मागणी वाढली; ढोलताशा पथकांतल्या तरुणांच्या कानावर ती दिसू लागली. कान न टोचता दाबून बसवायची भिकबाळीही बाजारात आली. दुसरीकडे ‘हेलिक्स’, ‘ट्रॅगस’, ‘काँच’ ही नावे पिअर्सिंगच्या दुकानांतून रूढ झाली. जागा मात्र जुन्याच आहेत : हेलिक्स म्हणजे बुगडीची कड, काँच म्हणजे कानफाट्यांचा खोलगा.

१७.
जुना नकाशा हाती असला की नवा प्रश्न सोपा होतो. बुगडीच्या जागी, म्हणजे वरच्या कडेला टोचले असेल, तर कानाच्या तोंडात बसणारा इअरबड सहसा त्याला शिवत नाही. कानावर टेकणाऱ्या गादीचा हेडफोन मात्र नेमका तिथेच दाबतो. पूर्ण कान झाकणारा मोठा हेडफोन कडेला न टेकता बसला तर चालतो. टेकला तर नाही. मधल्या खोलग्यात किंवा ट्रॅगसवर टोचले असेल तर उलटे : तिथे इअरबडच दागिन्याला घासतो.

१८.
धोका दुखण्यापुरता नाही. भरत असलेल्या कूर्चेवर सतत दाब पडला, घाम साचला, न पुसलेला इअरबड लागला, तर जंतुसंसर्ग कूर्चेच्या आवरणात शिरू शकतो. पोषण तिथूनच होत असल्याने कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. कान लाल, गरम, सुजलेला आणि ठणकत असेल, विशेषतः पाळी सोडून वरचाच भाग सुजला असेल, तर तेल-हळदीवर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जुन्या काळी या दुखण्यावर प्रतिजैविके नव्हती, आज आहेत.

१९.
तोवर काय करावे? छिद्र भरेपर्यंत गादीचा हेडफोन बाजूला ठेवावा, शक्य तर न टोचलेल्या कानाने किंवा स्पीकरवर ऐकावे, इअरबड पुसून घ्यावे, दागिना फिरवत बसू नये, त्या कुशीवर झोपू नये. सुश्रुताची वात, सोनाराची तार आणि जोग्याची कडुनिंबाची काडी या तिन्हींचा अर्थ एकच होता : आधी जखमेचा काळ, मग दागिन्याचा. आजची घाई तो काळ वगळू पाहते.

२०.
आता कडेगावकडे परत. जुन्या बुगड्या आज फारशा दिसत का नाहीत? फॅशन बदलली हे एक कारण. दुसरे कारण सोन्याच्या स्वभावातच आहे : ते वितळते. आणि ते वितळवून शुद्ध करण्याच्या कामात याच मुलखातील माणसे देशभर पसरली आहेत. खानापूर-विटा, आटपाडी, कडेगाव, तासगाव या दुष्काळाने गांजलेल्या भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी भारतातल्या दूरदूरच्या शहरांत जाऊन स्थिरावली.

२१.
गलाई म्हणजे काय? जुना दागिना वितळवायचा, त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळायची, मग त्या मिश्रणाचे बारीक तुकडे नत्राम्लात टाकायचे. चांदी आणि तांबे विरघळते, सोने तळाशी उरते. ते पुन्हा वितळवले की शुद्ध लगड तयार. उष्णता आणि आम्लाचा धूर यांत हात घालणारे हे कष्टाचे कौशल्य आहे. त्यातून सोने शुद्ध होऊन निघते, पण घडण, शैली, कारागिराची खूण यांतले काहीही उरत नाही.

२२.
त्यात सरकारी धोरणाची भर पडली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. ती १९६६ मध्ये उठली, परंतु १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. घडणाऱ्या सोनारांच्या हातचे काम गेले की त्या घडणीची वीणही तुटते.

२३.
म्हणून बुगडीचा इतिहास लिहायचा तर संग्रहालयातील कपाटे पुरत नाहीत. पुरावा घराघरांत आहे : आजीच्या कानाच्या वरच्या कडेला असलेले ते रिकामे छिद्र. सोने कधीच मोडले असेल, नव्या दागिन्यात मिसळले असेल, पोराच्या शिक्षणाला किंवा विहिरीच्या खोदाईला गेले असेल. कूर्चेतले छिद्र मात्र वर्षानुवर्षे तसेच राहिलेले असते.

२४.
तुमच्या घरात असे छिद्र कोणाच्या कानाला असेल तर विचारा : कधी टोचले, कोणी टोचले, किती दिवस दुखले, त्यात काय घालत, त्या दागिन्याचे पुढे काय झाले? उत्तर लिहून ठेवा. जुना दागिना अजून घरात असेल आणि तो मोडायला निघालेला असेल, तर त्याआधी पुढून, मागून आणि फिरकीसह छायाचित्र काढा, वजन नोंदवा, नाव नोंदवा. मोडणे ही त्या घराची गरज असू शकते. नोंद करायला मात्र काहीच खर्च येत नाही.

हे काम करताना कानातले इअरबड तेवढे काढून ठेवा. धागा समाप्त. 🙏